हिरवळीवरील तुषार-संचाची दुरुस्ती, अथवा पाण्याचा जमाखर्च

नाशिक शहराच्या आसपास घरापुढें हिरवळ राखण्याची चाल अलीकडे पुष्कळच वाढली आहे. पूर्वीं अंगण म्हटलें म्हणजे शेणानें सारवलेली जमीन, तुळशीवृंदावन आणि फार तर एखादें प्राजक्ताचें झाड एवढेंच असे. आतां मळ्यांतील नव्या बंगल्यापुढेंहि दोन-तीन गुंठे हिरवळ दिसते. रस्त्याकडेच्या ज्या शेतांत एके काळीं द्राक्षांचे मांडव उभे होते, त्यांपैकीं कित्येक ठिकाणीं लग्नकार्यांचीं 'लॉन्स' झालीं आहेत, आणि तेथें तर हिरवळ हेंच पीक होऊन बसलें आहे. ही हिरवळ असावी कीं नसावी हा वाद मी येथें मांडीत नाहीं. माझ्याहि घरापुढें ती दीड गुंठा आहे, तेव्हां त्या वादांत बोलण्याचा अधिकार मला थोडा. परंतु जी आहे तिला पाणी द्यावें लागतें, तें बहुधा तुषार-संचानें दिलें जातें, आणि तो संच बिघडला असतां किती पाणी व्यर्थ जातें याची कल्पना धन्यास बहुतेक नसते.

शेतकरी बंधु कदाचित् म्हणतील कीं, बंगलेवाल्यांच्या हिरवळीशीं आम्हांस काय कर्तव्य? त्यांस इतकेंच सांगावयाचें कीं, हाच संच आपण रब्बी कांद्यावर, उन्हाळी भुईमुगावर व रोपवाटिकेंत वापरतों. हिरवळीवर तो फक्त लहान आणि बहुतांशीं जमिनींत पुरलेला असतो. त्यामुळें हिरवळीवर जो दोष हुडकण्यास कठीण, तोच शेतांत सोपा वाटूं लागतो.

प्रथम यंत्राची रचना ध्यानांत घ्यावी. १९३३ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं ऑर्टन एंगलहार्ट नांवाच्या एका फळबागाईतदारानें आडवी भुजा आपटून फिरणारें डोकें तयार केलें व १९३५ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. आज आपल्या शेतांत 'टक्-टक्' असा आवाज करीत फिरणारीं पितळी किंवा प्लास्टिकचीं डोकीं त्याच जातीचीं आहेत. नोझलांतून सुटलेली धार भुजेच्या टोंकास असलेल्या पळीवर आदळते. भुजा बाजूस फेंकली जाते. तिला जोडलेली स्प्रिंग तिला परत ओढते. परत येतांना ती डोक्यास ठोका देते आणि डोकें किंचित् फिरतें. पाण्याच्या जोराखेरीज यांत दुसरी कोणतीहि शक्ति नाहीं. म्हणून दाब उतरला कीं सर्वच बिघडतें: डोकें थांबतें, धार फुटत नाहीं, मोठे थेंब एका कड्यांत पडतात व मधला भाग कोरडा राहतो. पाहणारास मात्र वाटतें कीं डोकेंच वाईट झालें. तो तें बदलतो आणि तरीहि कोरडा भाग कोरडाच राहतो.

दोष दिसतो एके ठिकाणीं आणि असतो दुसरीकडे, हें या संचाचें लक्षण आहे. म्हणून दुरुस्तीस लागण्यापूर्वीं पाना हातीं न घेतां बादली, घड्याळ आणि वही हातीं घ्यावी. माझें आयुष्य महसूल खात्यांत जमेची व वसुलीची बाजू ताडून पाहण्यांत गेलें, त्यामुळें ही संवय मला नवी नव्हती. तथापि स्वतःच्या अंगणांत ती वापरण्याची बुद्धि मला उशिरांच झाली. तो प्रकार येथें सांगतों, कारण त्यांतच या दुरुस्तीचें बहुतेक मर्म आहे.

माझ्या हिरवळीच्या चार कोपऱ्यांस चार डोकीं आहेत. नोझलाचें भोंक चार मिलिमीटरांचें. बोअरवरील मोटर सुरू केली म्हणजे चारहि एकदम चालतात. एका चैत्रांत फाटकाकडील दोन कोपरे पिवळे पडूं लागले. मी पाण्याची वेळ तीस मिनिटांवरून पंचेचाळीस केली. घराकडील हिरवळीवर चिखल झाला, फाटकाकडील पिवळीच राहिली. एका जाणत्या म्हणविणाऱ्या कारागिरानें येऊन पाहिलें आणि मोटर लहान पडते, मोठी घ्यावी असा निकाल दिला. किंमत ऐकून मी दोन दिवसांची मुदत मागितली, आणि त्या दोन दिवसांत केवळ पैसे वांचविण्याच्या बुद्धीनें मोजणीस बसलों.

मोजणी अशी करावी. नोझलावर सैल बसेल असा रबरी नळीचा हातभर तुकडा घेऊन तो धारेवर चढवावा व दुसरें टोंक बादलींत सोडावें. भुजा एका हातानें धरून ठेवावी, म्हणजे डोकें फिरणार नाहीं. नळी नोझलापेक्षां चांगली रुंद असावी. घट्ट बसली तर ती धारेस अडथळा करील व मोजमाप खोटें ठरेल. एक मिनिट पाणी घेऊन तें लिटरच्या मापानें मोजावें. चार मिलिमीटरांच्या नोझलांतून अडीच किलो दाबास मिनिटाला सुमारें सोळा लिटर पाणी निघावयास पाहिजे. दाब निम्मा झाला तर पाणी निम्में होत नाहीं, सोळाचे सुमारें अकरा होतात. माझ्या अंगणांत घराकडील दोन डोक्यांनीं तेरा-तेरा लिटर दिलें, फाटकाकडील दोहोंनीं अकरा-अकरा. एकूण खर्च अठ्ठेचाळीस.

आतां जमा किती? येथें माझी चूक झाली, ती वाचकांनीं करूं नये. मीं बोअरजवळचा सांधा सोडला आणि मोकळ्या तोंडाचें पाणी मोजलें. तें मिनिटाला ऐंशी लिटर भरलें. ऐंशीपैकीं अठ्ठेचाळीस वजा जातां बत्तीस लिटर जमिनींत मुरतें असा हिशेब करून मी घाबरलों. परंतु पंप मोकळ्या तोंडानें नेहमींच जास्त पाणी टाकतो. पुढें अडथळा असला म्हणजे दाब चढतो आणि पाणी कमी होतें. तेव्हां मोजणी त्याच दाबास केली पाहिजे. याकरितां पंपाच्या तोंडाशीं, कॉकच्या अलीकडे, एक दाबमापक बसवावा. त्याची किंमत दोन डोक्यांच्या किंमतीपेक्षां अधिक नाहीं. संच चालू असतां कांटा कोठें आहे तें लिहून ठेवावें. माझा कांटा एक पूर्णांक आठ दशांश किलोवर होता. मग सांधा सोडून कॉक हळूहळू बंद करीत कांटा पुन्हां त्याच ठिकाणीं आणावा व तेव्हां बादली भरावी. असें केल्यावर जमा साठ लिटर निघाली. साठ आणि अठ्ठेचाळीस. बारा लिटरांची तूट.

या तीन आंकड्यांतून दोष कोठें आहे तें बहुतेक कळतें. जमा आणि खर्च जुळले आणि दोन्ही कमी असले, तर दोष पंपाकडे, विहिरीच्या पाणीपातळींत, विजेच्या उतरलेल्या दाबांत किंवा तुंबलेल्या गाळणींत पाहावा. जमा-खर्च जुळले पण एकच डोकें मागें पडलें, तर त्या डोक्यांत कचरा आहे. एखादें डोकें इतरांहून अधिक पाणी देऊं लागलें, तर त्याचें नोझल झिजलें आहे. जमा मोठी आणि खर्च लहान, तर मधल्या मार्गांत गळती आहे. माझ्या हिशेबांत दुसऱ्या व तिसऱ्या डोक्यांच्या दरम्यान आंकडा तेरावरून अकरावर उतरला होता, म्हणजे गळती त्याच टापूंत असली पाहिजे. सबंध हिरवळ उकरण्याऐवजीं पंधरा-सोळा हातांचा चर पुरे झाला.

मिनिटाला बारा लिटर हें ऐकावयास क्षुल्लक वाटतें. पंचेचाळीस मिनिटांच्या एका पाळींत त्याचे पांचशें चाळीस लिटर होतात. वीस लिटरांचा एक हंडा धरला तर सत्तावीस हंडे. आपल्याच जिल्ह्यांत पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत पावसाळ्यांत धो-धो पाऊस पडतो, आणि तेथल्याच कित्येक पाड्यांवर वैशाखांत स्त्रियांना झिऱ्याच्या कांठीं बसून वाटीवाटीनें हंडा भरावा लागतो. मी एक पिवळा कोपरा हिरवा करण्याच्या नादांत दर तिसऱ्या दिवशीं सत्तावीस हंडे मातींत घालीत होतों, आणि वर आणखी मोठी मोटर घेऊन तो आंकडा वाढविणार होतों. मोठ्या मोटरीनें दाब चढला असता, कोपराहि कदाचित् हिरवा झाला असता, आणि गळती कोणाच्या लक्षांतहि आली नसती. चुकीची दुरुस्ती कधीं कधीं अशी यशस्वी होते, हेंच तिचें वाईट.

आतां गळती प्रत्यक्ष हुडकण्याविषयीं. काळ्या जमिनींत पाणी फुटल्या जागीं वर येत नाहीं. पाइपासाठीं खणलेल्या चरांतील भुसभुशीत माती हीच त्यास सोपी वाट. त्या वाटेनें तें उताराकडे जातें आणि पांच-दहा हातांवर, जेथें चर संपतो किंवा माती घट्ट लागते, तेथें ओल दाखवितें. म्हणून ओल दिसेल तेथून उताराच्या उलट दिशेनें खणीत जावें. खणतांना टिकाव अगदीं वरवरच वापरावा. पाइप जवळ आला कीं खुरपें घ्यावें. शोध घेतांना टिकावानें दुसरें भोंक पाडणारे मीं पाहिले आहेत. मोटर पांच मिनिटें चालवून बंद करावी, चरांतील पाणी उपसावें, पुन्हां क्षणभर चालवावी, म्हणजे बुडबुडा कोठून येतो तें दिसतें.

माझ्या चरांत पाइप फुटलेला नव्हता. सांधा निसटला होता. याचें कारण आपल्या जमिनींतच आहे. काळी माती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. करंगळी सहज जाईल अशा भेगा मार्च-एप्रिलांत पडतात. त्या ओढाताणींत पाइप थोडाथोडा सरकतो, व ज्या सांध्यास सोल्युशन नीट लागलें नाहीं तो उघडा पडतो. म्हणून काळ्या जमिनींत पाइप टाकतांना खालीं व भोंवतीं चार बोटें वाळू किंवा बारीक चाळलेला मुरूम भरावा, मग माती लोटावी. माझ्या घरीं हें काम करणारानें निघालेलीच ढेंकळें परत लोटलीं होतीं. धोंडा पाइपास टेंकून राहिला तर वरून जाणाऱ्या चाकाच्या भारानेंहि तेथें तडा पडतो. लॉन्सवर मांडवाच्या सामानाच्या गाड्या फिरतात, तेथें हा प्रकार फार.

सांधा जोडण्याचें काम सोपें असून तें बहुधा घाईनें बिघडतें. फुटका भाग दोन्ही अंगांस करवतीनें सरळ कापून काढावा. तिरपा काप सांध्यांत पुरा बसत नाहीं. कापलेल्या कडेचा कीस काढून टाकावा, नाहीं तर तोच पुढें नोझलांत जाऊन बसतो. चर दोन्ही बाजूंस दोन-दोन हात लांब मोकळा करावा, म्हणजे पाइप किंचित् वांकवून नवा तुकडा आंत घालतां येतो. हें न करतां ओढून-ताणून बसविलेला तुकडा महिन्याभरांत पुन्हां सुटतो. टोंकें कोरड्या फडक्यानें पुसावीं, पॉलिश-कागदानें चकाकी घालवावी, दोन्ही भागांस सोल्युशन पातळ व सारखें लावावें, पाव फेरा फिरवून आंत दाबावें आणि अर्धा मिनिट हातानें धरून ठेवावें. पाणी गळत असतांना हा सांधा कधींहि धरीत नाहीं. ओला पाइप जोडून वर चिंधी व तार गुंडाळणें हा केवळ वेळकाढूपणा होय. एक दिवस पाणी सोडूं नये. आणि दुसऱ्या दिवशीं पाणी सोडून सांधा अर्धा तास उघडाच पाहावा, मगच माती लोटावी.

एक गोष्ट विशेष सांगावयाची. हें सर्व पांढऱ्या-करड्या पी.व्ही.सी. पाइपाविषयीं झालें. काळ्या पॉलिथिनच्या पाइपास हें सोल्युशन मुळींच धरीत नाहीं. तें वाळून सालीसारखें निघतें. काळ्या पाइपाच्या फुटीस आटे असलेला दाबाचा कपलर घालावा किंवा तापवून जोडणाऱ्या माहितगाराकडून जोडून घ्यावें. शेतांतील उचलसांड करण्याच्या तुषार-पाइपांत गळती बहुतेक वेळां कपलरांतील रबरी कड्याची असते. तें कडें काढून धुवावें, उलटलें असेल तर सरळ बसवावें, चिरलें असेल तर बदलावें. असे पाइप नवे घेतांना त्यांवर भारतीय मानक १४१५१ हा आंकडा छापलेला आहे कीं नाहीं तें पाहावें. बारीक काळ्या नळ्यांस घुशी व उंदीर कुरतडतात. तेथें जोड घालून भागत नाहीं, बीळच शोधावें लागतें.

सांधा बसविल्यावर माझा कांटा एक पूर्णांक आठ दशांशावरून दोन पूर्णांक दोन दशांशावर गेला. डोक्यांनीं अनुक्रमें चौदा, चौदा, तेरा आणि तेरा लिटर दिलें, एकूण चोपन्न. जमाहि चोपन्न. पूर्वीं पंप साठ लिटर उपशीत असे आणि हिरवळीस अठ्ठेचाळीस मिळत. आतां त्यानें सहा लिटर कमी उपसून हिरवळीस सहा लिटर अधिक दिले. वेळ पुन्हां तीस मिनिटांवर आणली. नवी मोटर अर्थातच घेतली नाहीं, आणि त्या कारागिराची माझी अजून बोलाचाली आहे.

आमच्या जिल्ह्याच्या उत्तर भागांत मोसम व गिरणा यांच्या कांठीं, तसेंच पलीकडे पांझरेवर, फडबागाईतीची जुनी पद्धति होती हें पुष्कळांस ठाऊक असेल. तेथें पाटकऱ्याचें, जागल्याचें काम नेमून दिलेलें असे, आणि हंगामापूर्वीं पाट साफ करणें, फुटलेला बांध बांधणें हें काम लाभधारक मिळून करीत. पाट उघडा असल्यामुळें फूट चारचौघांच्या दृष्टीस पडे, व ज्याच्या शेतांत पाणी कमी येई तो ओरड करी. पुरलेल्या पाइपास पाटकरी नाहीं. त्याची फूट दिसत नाहीं, आणि बोअर स्वतःची असल्यामुळें ओरड करणाराहि कोणी नाहीं. म्हणूनच वर्षांतून दोनदां, दिवाळीनंतर व होळीच्या सुमारास, हा जमाखर्च ज्याचा त्यानेंच मांडावा लागतो.

आतां डोक्याच्या दोषांकडे वळूं. ठोक्याचें डोकें फिरत नसेल तर प्रथम दाब पाहावा, दाब ठीक असेल तर मोटर बंद करून डोकें हातानें फिरवून पाहावें. खरखर लागली तर खालच्या दांड्यांतील वायसरांत वाळू शिरली आहे. डोकें काढून उलटें धरून स्वच्छ पाण्यानें खळखळून धुवावें. वायसर पातळ झाले असतील तर ते बदलावे. तेथें तेल किंवा वंगण कदापि घालूं नये. या सांध्याचें वंगण म्हणजे वाहतें पाणीच. तेल घातल्यास त्यास धूळ चिकटून पंधरा दिवसांत घट्ट खळ बनते. गोडें तेल घालण्याचा मोह आपल्या लोकांस फार होतो, म्हणून हें पुन्हां सांगतों. भुजेची स्प्रिंग सैल झाली असेल तर ठोके संथ पडतात. कांहीं डोक्यांत ती एक-दोन खांचा ताणतां येते, नसेल तर नवी घालावी. भुजेची पळी वांकली असेल तर शेजारच्या चांगल्या डोक्याशीं तोलून हलक्या हातानें सरळ करावी. अर्धवर्तुळांत फिरणाऱ्या डोक्यांत परतीचा एक लहान खटका असतो. त्यांत गवताची काडी अडकली कीं डोकें एका टोंकास जाऊन तेथेंच थरथरत राहतें.

नोझल तुंबलें असतां त्यांत खिळा, तार किंवा टांचणी घालूं नये. पितळ मऊ असतें, प्लास्टिक त्याहून मऊ. एक ओरखडा पडला तरी धार वांकडी जाते. नोझल काढून मागील बाजूनें फुंकावें, फार तर बांबूची बारीक कामटी घालावी. झीज ओळखण्याची एक सोपी युक्ति आहे: चार मिलिमीटरांच्या ड्रिलाचा गुळगुळीत दांडा भोंकांत घालून पाहावा, तो आंत हलूं लागला तर नोझल झिजलें. भोंक चाराचें चार पूर्णांक चार दशांश मिलिमीटर झालें तर पाणी शेंकडा एकवीस अधिक जातें, आणि तेवढा दाब इतर डोक्यांचा कमी होतो. वाळू टाकणाऱ्या बोअरवर ही झीज लवकर होते.

जमिनींतून वर उठणारीं डोकीं, ज्यांस दुकानदार 'पॉप-अप' म्हणतात, त्यांचे दोष थोडे निराळे. पाण्याचा जोर आला कीं दांडा वर येतो, गेला कीं स्प्रिंग त्यास खालीं ओढते. दांडा अर्धवट वर राहिला तर त्याच्या गळ्यापाशीं असलेल्या रबरी कड्यांत खडा अडकला आहे; दांडा वर ओढून धरावा, कडें पाण्यानें धुवावें, दोन-चार वेळां खालींवर करावा. तो वरच येत नसेल तर टोपी उघडून आंतली लहान जाळी पाहावी. पुष्कळदां मात्र दोष डोक्यांत नसून हिरवळींत असतो: हरळी व कार्पेट गवत दाट होत होत पृष्ठभाग दोन बोटें वर चढवितें, आणि डोकें खड्ड्यांत राहिल्यासारखें होतें. अशा वेळीं डोक्याभोंवतीं ताटलीएवढें गवत कापावें किंवा खालीं उंचीचा तुकडा घालून डोकें वर घ्यावें. संच बंद केल्यावर सर्वांत सखल डोक्यापाशीं थोडा वेळ पाणी साचतें तें पाहून लोक गळती समजतात. तें पाइपांत राहिलेलें पाणी उताराकडे निथळलेलें असतें. दहा-पंधरा मिनिटांत तें थांबलें तर चिंता नाहीं. थांबलें नाहीं तर कॉक पुरता बसत नाहीं असें समजावें.

गाळणीचा विषय द्राक्षबागाईतदारांस शिकविणें म्हणजे कुंभारास मडकें दाखविण्यासारखें आहे. शेततळ्याच्या पाण्यांत शेवाळ असतें, बोअरच्या पाण्यांत वाळू व क्षार. दोहोंस गाळणी लागते आणि ती धुवावी लागते. गाळणीच्या अलीकडच्या व पलीकडच्या दाबांत नेहमींपेक्षां अधिक फरक दिसूं लागला कीं धुण्याची वेळ झाली. जड पाण्यानें नोझलावर बसलेलीं पांढरीं पुटें लिंबूसत्त्वाच्या किंवा शिरक्याच्या पाण्यांत रात्रभर भिजत ठेवल्यानें सुटतात. ठिबकाच्या नळ्यांस देतात तें तीव्र अ‍ॅसिड पितळी डोक्यांस लावूं नये. पितळ खाल्लें जातें. आणि ज्यांस तें नळ्यांसाठीं वापरावयाचें असेल त्यांनीं पाण्यांत अ‍ॅसिड ओतावें, अ‍ॅसिडांत पाणी कधींहि ओतूं नये. उसळी मारून तें तोंडावर उडतें.

दुरुस्ती पुरी झाली कीं नाहीं हें डोळ्यांनीं ठरवूं नये. सरळ कडांचे सारख्या आकाराचे दहा-बारा रिकामे डबे हिरवळीवर सारख्या अंतरानें मांडावे, संच पंधरा मिनिटें चालवावा आणि प्रत्येक डब्यांत किती मिलिमीटर पाणी सांचलें तें पट्टीनें मोजावें. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारें शंभर लिटर, हें प्रमाण पाठ असूं द्यावें. त्यावरून हिशेब तोंडींच होतो. डोक्याजवळचे डबे भरले व दूरचे रिते, आणि धारेचें धुकें होत असेल, तर दाब फाजील आहे. कॉक थोडा आवळावा. कड्याकड्यानें डबे भरले व मधले रिते, तर दाब उणा. दोन डोक्यांच्या मध्यावरील डबाच कोरडा, तर एकाची धार दुसऱ्यापर्यंत पोंचली पाहिजे हा नियम मोडला आहे, आणि तेथें दुरुस्तीचा इलाज नाहीं. डोक्यांमधील अंतरच मुळांत चुकलें आहे. ही चांचणी पहाटे घ्यावी. उन्हाळ्यांत दुपारनंतर जो वारा सुटतो त्यांत चांगला संचहि नापास होतो, आणि त्याच कारणानें पाणीहि पहाटेंच द्यावें.

वेळेवर आपोआप चालू-बंद करणारीं यंत्रें हल्लीं मिळतात. त्यांचा उपयोग आहे. पण मालक झोंपलेला असतां गळतीहि वेळेवर चालू होते, एवढें लक्षांत ठेवावें. ज्येष्ठांत पहिला चांगला पाऊस झाला कीं ठोक्याचीं डोकीं काढून, धुवून, सावलींत पोत्यांत ठेवावीं, व पाइपांच्या तोंडांस बुचें मारावीं. नाहीं तर कुंभारमाशी तेथें मातीचें घर बांधते, आणि दिवाळीनंतर पहिल्या दिवशींच चार नोझलें तुंबतात. वहींत त्या वर्षाचे जमेचे, खर्चाचे आणि कांट्याचे आंकडे लिहून ती वही डोक्यांबरोबरच ठेवावी. पुढील वर्षीं दोष हुडकतांना पहिला प्रश्न हाच असतो कीं, संच चांगला होता तेव्हां कांटा कोठें होता.